वेलदूरवरचे ते दोन अहवाल आणि परदेशी मानवाधिकार संस्था : विश्वास ठेवायचा का?

फेरीबोट
गेल्या आठवड्यात आमच्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, की मानवाधिकारवाल्या परदेशी संस्था म्हणजे सगळे बाहेरच्या पैशावर पोसलेले दलाल, देशाची बदनामी हाच धंदा. खाली माझ्याच एका चुलत भावाने अंगठा दिलेला. मला झोप लागेना, कारण हा भाऊ जिथे लहानाचा मोठा झाला तिथून वेलदूर हाकेच्या अंतरावर आहे आणि वेलदूरबद्दल जगात जे काही लिहून ठेवलंय ते याच संस्थांनी लिहिलंय.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या वीजप्रकल्पाला दाभोळ नाव असलं तरी तो दाभोळात नाही, खाडीच्या अलीकडे गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या अंगाला आहे. १९९२ ला बोलणी, १९९३ च्या डिसेंबरात वीजखरेदी करार, १९९५ ला युती सरकारने रद्द केला आणि १९९६ ला नव्या अटींवर परत चालू. कोळी लोकांना भीती होती ती गरम पाणी समुद्रात सोडलं तर मासळी राहील का याची, शेतकऱ्यांची जमिनीची. मोर्चे निघाले, जमावबंदी लागली, राखीव पोलीस येऊन बसले. ३ जून १९९७ ला पहाटे पोलीस वेलदूरात घुसले आणि बायकांना घरातून ओढून काढून मारहाण करत अटक केली, असं लंडनच्या अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने पुढच्याच महिन्यात, जुलै १९९७ ला लिहिलं. मग जानेवारी १९९९ ला न्यूयॉर्कच्या ह्यूमन राइट्स वॉचचा जाडजूड अहवाल आला. त्यात थेट म्हटलंय की राज्य सरकारने विरोध दडपला आणि बंदोबस्ताला आलेल्या पोलिसांचा खर्च कंपनी देत होती म्हणून कंपनीही त्यात आली. कंपनीने हे नाकारलं होतं, तेही सांगायला हवं.

मी तेव्हा नववीत. शेजारच्या काकूंकडे त्या काळात दोन माणसं आली होती, कुठल्या संस्थेची ते मला आजही माहीत नाही. काकू पडवीत सुकट निवडत बसलेल्या, समोर टोपली पालथी घालून त्यावर छोटा टेपरेकॉर्डर. त्यांनी एकच गोष्ट तीनदा विचारली, किती वाजले होते. काकूंकडे कुठलं घड्याळ, त्या म्हणाल्या "ओहोटी नुकती लागलेली, पागायला गेलेले परतले नव्हते". तर त्यातल्या बाईंनी तेवढंच्या तेवढं लिहून घेतलं आणि मग पलीकडच्या घरात जाऊन तेच परत विचारलं. मला भयंकर राग आला होता, काकूंवर विश्वास नाही का यांचा. आता चाळिशी उलटल्यावर कळतं की असंच विचारावं लागतं. काकूंनी पुढे काय सांगितलं ते मी इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे.

तर माझं म्हणणं एवढंच, की न्यूयॉर्कच्या संस्थेने अमेरिकन कंपनीविरुद्ध आणि त्या कंपनीला कर्ज देणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थांविरुद्ध आमच्या कोळणींच्या बाजूने लिहिलं. हे दलाल कोणाचे मग? तुम्हाला काय वाटतं ते मनापासून लिहा, भांडण नको.

सुरंगी
फेरीबोटदादा, धागा काढलात ते बरं केलंत. मी राजापूरची. आमच्याकडे जैतापूरच्या अणुप्रकल्पाचं आंदोलन झालं, मग रिफायनरीविरुद्ध नाणार, मग बारसू. १८ एप्रिल २०११ ला साखरी नाटेत गोळीबारात एक मच्छीमार गेला तेव्हा मी बारावीची परीक्षा संपवून घरी होते, त्या दिवशीची शांतता अजून आठवते, बाजारपेठेत एक फळी उघडी नव्हती. २०२३ ला आमच्या इथल्या पत्रकाराला गाडीखाली घातलं तेव्हा पत्रकारांसाठी काम करणाऱ्या न्यूयॉर्कच्या समितीने लगेच निवेदन काढून चौकशीची मागणी केली. राजापूर कुठे आहे हे नकाशावर शोधावं लागलं असेल त्यांना, पण शोधलं ना.

कातळसडा
मी दुसरी बाजू मांडतो, आणि मीही कोकणातलाच आहे, प्रकल्पवाला नाही हे आधीच सांगतो.
या संस्थांचा शब्द लोक डोळे मिटून खरा मानतात म्हणूनच चूक झाली की ती साधी राहत नाही. ऑक्टोबर १९९० ला अमेरिकेत एका पंधरा वर्षांच्या मुलीने रडत रडत सांगितलं की कुवेतमध्ये इराकी सैनिकांनी इस्पितळातली बाळं काचेच्या पेट्यांतून काढून जमिनीवर टाकली. अ‍ॅम्नेस्टीने डिसेंबरच्या अहवालात ३०० हून जास्त बाळांचा आकडा छापला. त्या अहवालाचे दाखले देत देत इराकविरुद्धचं युद्ध सुरू झालं. युद्धानंतर कळलं की पुरावा नाही, १९९१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी ते मागे घेतलं, आणि पुढे असंही उघड झालं की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताचीच होती आणि तिची साक्ष एका जनसंपर्क कंपनीने बसवून घेतली होती.
तुमच्या काकूंना तीनदा विचारलं, तिथे एकदा तरी नीट विचारलं असतं तर? वेळ पाहून घाई केली की असं होतं, आणि घाई नेमकी मोठ्या देशांना हवी असते तेव्हाच होते असं मला वाटतं.

नात_हर्णैची
कातळसडा, तुमचा मुद्दा मला पटतो पण मी माझ्या घरातलं सांगते. आमच्या मोहल्ल्यात प्रत्येक घरातला एक तरी माणूस आखातात. अब्बा ३१ वर्षं होते, आता भाईजान आहे. भाईजानचा पासपोर्ट कंपनीच्या खणात, पगार चार महिने तटलेला आणि कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, म्हणतो काम सोडलंस तर पळून गेला म्हणून तक्रार टाकीन, म्हणजे अकामा, तिथला राहायचा परवाना, गेला, रस्त्यावर पोलिसाने पकडलं की थेट जेल. अम्मी रोज फजरनंतर एकच विचारायची, "पासपोर्ट दिला का रे?" तो आम्हाला पासपोर्टच्या झेरॉक्सचा फोटो पाठवायचा, जणू झेरॉक्स म्हणजेच आपला माणूस.
फुटबॉल वर्ल्ड कपच्या निमित्ताने ह्यूमन राइट्स वॉचने २०१२ पासून आणि अ‍ॅम्नेस्टीने २०१३ पासून कतारच्या मजुरांबद्दल लावून धरलं. नुसतं ओरडले नाहीत, पगाराच्या स्लिपा, एजंटला दिलेले पैसे, राहायच्या खोल्या सगळं मांडलं. २०१८ ला बहुतेक कामगारांसाठी देश सोडायची परवानगी घ्यायची अट गेली, २०२० ला नोकरी बदलायला मालकाचं ना-हरकत पत्र लागायचं ते गेलं, २०२१ च्या मार्चपासून किमान पगार १००० रियाल. अंमलबजावणीत भोकं आहेत, आमच्याच मोहल्ल्यातले सांगतात. पण कागदावर तरी आलं. भाईजान कतारात नाही, त्याच्या देशात अजून तेवढंही नाही म्हणून मला त्याची किंमत कळते.
आता राग कशाचा ते पण सांगते. स्पर्धा संपली, कॅमेरे गेले. मजुरांच्या भरपाईसाठी फिफाने ४४ कोटी डॉलर बाजूला ठेवावेत अशी अ‍ॅम्नेस्टीची मागणी होती, ती तशीच राहिली. ज्या देशात वर्ल्ड कप नाही तिथल्या माणसाने काय करायचं? शेवटी भाईजानला मदत झाली ती तिथल्या एका मलयाळी दुकानदाराची, ज्याने स्वतःच्या गाडीतून त्याला वकिलातीत नेलं.

जुना_तांडेल
मी वयाने बहुधा सगळ्यांत मोठा असेन इथे, ७३ चालू आहे. टायपिंगला नातू मदत करतोय.
आणीबाणीत आमच्या राजापूर मतदारसंघाचे खासदार मधु दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते, अडवाणी-वाजपेयींनाही तिथेच पकडलं होतं. पेपरात काही छापून येत नव्हतं. आम्ही रात्री बीबीसी लावायचो, रेडिओ उशीखाली घालून, कारण शेजारी कोण कसा काय भरवसा. तेव्हा बाहेरच्या जगात आमच्या राजकीय कैद्यांना सोडा असं म्हणणाऱ्यांत ही अ‍ॅम्नेस्टी होती. सरकार तेव्हाही हेच म्हणायचं, परदेशी हात. आणि तुरुंगात होते त्यांना तो हात परका वाटला नाही. आज त्याच लोकांचे वारसदार परदेशी हात म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं, रागापेक्षा वाईटच वाटतं. खुर्चीवर कोण बसलंय त्याप्रमाणे या संस्था चांगल्या-वाईट ठरतात, हे मी ५० वर्षं बघतोय.
आणि ही संस्था निघाली कशी तेही लिहितो. १९६१ ला पीटर बेनेन्सन नावाच्या इंग्लिश वकिलाने लंडनच्या पेपरात लेख लिहिला, विसरलेले कैदी म्हणून. नियम असा की प्रत्येक गटाने तीन कैदी दत्तक घ्यायचे, एक पाश्चात्त्य देशातला, एक कम्युनिस्ट देशातला, एक तिसऱ्या जगातला, म्हणजे कोणाची बाजू घेतली असं होऊ नये. आणि सरकारला पत्रं पाठवत राहायची, सभ्य भाषेत. साधी पोस्टाची पत्रं. १९७७ ला नोबेल मिळालं.

कातळसडा
तांडेलकाका, मान आहे तुमचा. पण त्याच बेनेन्सनना ६-७ वर्षांत बाहेर पडावं लागलं ना, ब्रिटिश सरकारशी आतून संबंध आणि पैसे असल्याच्या वादातून. आणि नेल्सन मंडेलांना त्यांनी १९६४ पासून अंतःकरणाचा कैदी, म्हणजे हिंसा न करता केवळ मतांसाठी तुरुंगात गेलेला, मानलं नाही, कारण त्यांनी शस्त्राचा मार्ग नाकारला नव्हता. २७ वर्षं माणूस तुरुंगात! नियम म्हणून ठीक असेल, पण लंडनमध्ये बसून नियम करणं सोपं आहे.
पैशाचंही बोलू. अ‍ॅम्नेस्टी सांगते की तपासाच्या कामाला सरकारी पैसा घेत नाही, वर्गणीवर चालते, ते मी मान्य करतो. ह्यूमन राइट्स वॉचही सरकारचे घेत नाही. पण २०१० ला एकट्या जॉर्ज सोरोसने त्यांना १० कोटी डॉलर देऊ केले. एका सौदी बिल्डरकडूनही त्यांनी देणगी घेतली होती, ती २०२० ला परत केली. चार श्रीमंतांच्या जिवावर संस्था चालली तर काय बघायचं आणि काय नाही हे त्यांच्या डोळ्याने ठरणार. खुद्द ह्यूमन राइट्स वॉचच्या संस्थापकाने, रॉबर्ट बर्नस्टीनने, २००९ ला न्यूयॉर्क टाइम्समध्ये आपल्याच संस्थेवर टीका केली होती, इस्रायलच्या विषयावरून. मला त्याचं इस्रायलबद्दलचं म्हणणं पटत नाही, तो वेगळा विषय, पण घरच्या माणसाने लिहिलं हे बोलकं आहे.

सुरंगी
सोरोसचं खरं आहे. पण कातळसडा, एक विचारते. देवळाच्या जीर्णोद्धाराला मुंबईच्या शेठने पैसे दिले म्हणून गाभाऱ्यातला देव खोटा होतो का? वेलदूरच्या पहाटेबद्दल जे लिहिलंय ते खरं की खोटं, ते वेलदूरला जाऊन तपासता येतं.

कातळसडा
देव खोटा होत नाही, पण पुढची पालखी कोणाच्या दारावरून जाणार ते शेठ ठरवतो. आमच्या गावात हे झालेलं आहे.

देवगडचो
फेरीबोटानु, तुमचा लिवणा आवाडला. पण माका एक सांगा, ह्यो अहवाल वाचलो कोणी? इंग्रजीत आसा मां तो. ज्या बायकांनी सगळा सांगल्यानी त्यांका कोणी तो वाचून दाखवल्यानी काय?
आमच्या गावात एक चेडू इला होता रिसर्चसाठी, सगळ्यांच्या मुलाखती घेतल्यान, फोटो काडल्यान नि गेला ता गेला. आमच्या आयेन तेका दोन दिवस पेज वाडलेली. आये अजून माका इचारता, "त्या चेडवाचा पुस्तक झाला काय रे?" काय सांगू तिका? माका वाटता ह्या सगळ्यात मोठो दोष ह्योच, पैशापेक्षा मोठो.

कायद्याचं_पान
मी रत्नागिरीत वकिली करते. मधे एक घोळ होतोय म्हणून आधी तेवढं साफ करते. संयुक्त राष्ट्रांची मानवाधिकार परिषद, जी २००६ ला आधीच्या आयोगाच्या जागी आली, ती देशांची आहे, सरकारं मतदान करतात. रेड क्रॉसची जिनिव्हाची समिती वेगळी, ती तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटते पण जे बघते ते जाहीर करत नाही, गुपचूप त्या सरकारलाच सांगते, कारण बोलली तर पुन्हा दार उघडणार नाही. अ‍ॅम्नेस्टीवाले उलटे, त्यांना दार उघडत नाहीच म्हणून ते बाहेर उभं राहून मोठ्याने बोलतात. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना एकाच माळेत ओवतात. आणि आपला राष्ट्रीय मानवाधिकार आयोग सरकारने कायद्याने १९९३ ला केला. त्याच्या आदल्या वर्षी अ‍ॅम्नेस्टीचा भारतातल्या कोठडीतल्या छळावर अहवाल आला होता, बाहेरून दबाव होता, त्यामुळे आयोग होण्यात या संस्थांचा काहीच वाटा नाही असं म्हणता येणार नाही.
आता वेलदूरबद्दल. आज फौजदारी कायद्यात स्पष्ट आहे की सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाच्या आधी बाईला अटक करायची नाही, अगदीच अपवादात्मक कारण असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायची. हे जुन्या संहितेत २००५ च्या दुरुस्तीने कलम ४६(४) म्हणून आलं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ठेवलंय. १९९७ च्या त्या पहाटे हे कलम नव्हतं. अटकेच्या वेळी साक्षीदाराच्या सहीने नोंद, नातेवाइकाला कळवणं वगैरे सुप्रीम कोर्टाचे डी. के. बसू खटल्यातले आदेश मात्र डिसेंबर १९९६ ला आलेले होते, म्हणजे जेमतेम सहा महिने आधी. मी हे शाळांत शिकवायला जाते तेव्हा मुली विचारतात की असा नियम का करावा लागला. मी वेलदूरचं नाव सांगते. त्या अहवालामुळे कलम आलं असं मी म्हणत नाहीये, तसा थेट धागा नाही. पण नुसतं कलम वाचून मुलींना काही समजत नाही, अहवालातली पहाट वाचून दाखवली की समजतं.

डहाणूचा_वारा
आमच्याकडचा विषय वेगळा आहे पण लिहितो. आमच्या पालघर जिल्ह्यातली पोरं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात आणि समुद्रातली हद्द ओलांडली म्हणून पाकिस्तानच्या जेलात पडतात. दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात, २००८ च्या करारानुसार. आमच्या पाड्यावर त्या दोन तारखा सणासारख्या लक्षात असतात, फक्त सण नसतो. यादी आली की कोणीतरी वाचून दाखवतं आणि ज्या बाईच्या नवऱ्याचं नाव त्यात आहे ती खूश होते, म्हणजे जिवंत आहे. शिक्षा भोगून झाली तरी सुटका नाही, कारण नागरिकत्वाची खात्री व्हायला महिनोन्महिने जातात. यासाठी सर्वांत जास्त धावपळ कोणी केली तर दोन्हीकडच्या मच्छीमार संघटनांनी आणि भारत-पाकिस्तान मैत्रीसाठी काम करणाऱ्या साध्या माणसांनी. लंडन-न्यूयॉर्कच्या अहवालांत आम्ही कुठेतरी एका परिच्छेदात. मला त्यांचा राग नाही, पण आमची गोष्ट मोठ्या बातमीच्या मापाची नाही म्हणून मागे राहते असं वाटतं.

नात_हर्णैची
डहाणूचा_वारा, वाचून रडू आलं. यादीत नाव म्हणजे जिवंत. आमच्याकडे दर शुक्रवारचा फोन तसाच.

कातळसडा
अजून एक लिहितो आणि थांबतो, आणि हे मी विरोधात म्हणून लिहीत नाहीये. ऑगस्ट २०२२ ला अ‍ॅम्नेस्टीने म्हटलं की युक्रेनचं सैन्य शाळा-वस्त्यांत तळ ठोकून आपल्याच नागरिकांना धोक्यात घालतंय. त्यांच्या युक्रेन शाखेच्या प्रमुख बाईंनी राजीनामा दिला, म्हणाल्या आमचं ऐकलंच नाही. देवगडच्या दादांनी जे म्हटलं तेच हे, फक्त मोठ्या पातळीवर. तिथली भाषा येणारे, तिथे राहणारे लोक बाजूला आणि लिहिणारे दूर. हल्ला झालेल्या देशाबद्दलही लिहिलं, मित्र-शत्रू बघितलं नाही, याबद्दल मला आदरच वाटला. पण आपल्याच माणसांचं न ऐकता?
फेरीबोट, तुमच्याशी माझं मुख्य भांडण एवढंच आहे की तुम्ही म्हणता आमच्या कोळणींच्या बाजूने लिहिलं. मग पुढे काय झालं? त्या बायकांना काय मिळालं?

फेरीबोट
कातळसडा, काही मिळालं नाही. दोन दिवस तुमचा प्रश्न घेऊन फिरतोय आणि उत्तर तेच आहे. प्रकल्प १९९९ ला सुरू झाला, २००१ ला बिलाच्या भांडणात बंद पडला, डिसेंबर २००१ ला एन्रॉन दिवाळखोरीत गेली ती हिशेबातल्या लबाडीमुळे, वेलदूरमुळे नाही. २००५ ला सरकारी कंपन्यांनी रत्नागिरी गॅस आणि पॉवर म्हणून ताब्यात घेतला. धोपावेहून फेरीबोटीने दाभोळला जाताना मी कितीदा त्या पहाटेचा विचार केलाय, पण बोटीत कोणी त्याबद्दल बोलत नाही. आमच्याकडे त्याची ना कुठे पाटी ना शाळेच्या पुस्तकात ओळ. जे आहे ते त्या दोन अहवालांत आणि म्हाताऱ्या होत चाललेल्या बायकांच्या डोक्यात.
बाळांच्या आकड्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला माहीत नव्हतं, वाचून धक्का बसला. मी आता असं म्हणेन की संस्थेचं नाव बघून विश्वास ठेवू नये, त्यांनी किती घरांत जाऊन किती वेळा विचारलं ते बघावं.
देवगडच्या दादांचं मात्र लागलं मला. म्हणून परवा रविवारी वेलदूरचा भाग काढून मराठी करायला बसलो. अडलो पहिल्याच पानावर, मथळ्यातच. कॉर्पोरेट कॉम्प्लिसिटी. शब्दकोशात संगनमत, सहअपराध असं काहीतरी आहे. संगनमत म्हटलं की दोघांनी बसून कट केला असं होतं, अहवालाचं म्हणणं तसं नाही, पैसे दिले, फायदा घेतला आणि गप्प राहिले असं आहे. सहभाग म्हटलं तर श्रमदानाला आल्यासारखं वाटतं.
संध्याकाळी काकूंकडे गेलो, आता त्या ८० च्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं. त्यांना मोठ्याने समजावून सांगितलं की मारणारा एक आणि दुसरा पैसे पुरवून बाजूला उभा, त्याला काय म्हणायचं. त्या लगेच म्हणाल्या, "सामील". आणि मग म्हणाल्या, "वाच पुढे".

कायद्याचं_पान
सामील. हाच ठेवा. कोर्टातही लोक हाच शब्द बोलतात, "साहेब, तो पण सामील होता". कायद्याची कलमं आहेत तेवढी पानं मला पाठवा, मी करते.

देवगडचो
आयेक वाचून दाखवलय ह्यो धागो. ती म्हणता पुरो झालो की एक छापील प्रत होई, मोबाईलवर दिसणा नाय तिका.

कातळसडा
छपाईचं मी बघतो, चिपळूणला मित्राचा प्रेस आहे. एकच अट, कंपनीने आरोप नाकारले होते ते पण त्यात घ्यायचं.

फेरीबोट
घेणारच. नावं मात्र कुणाचीही घालायची नाहीत, काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या वाडीचं नाव पुरे. पानं ४ ते ९ झालीत, उद्या टाकतो. सुरंगीताई, शुद्धलेखन तुमच्याकडे.